चौघांची उपासमार

महिनाभर पोटदुखीनं हैराण झालेल्या सात वर्षांच्या चिमणीच्या आतड्यांची उद्या दुर्बिणीतून तपासणी होती. पोटात अन्नाचा कण गेला तरी तपासणी रद्द, म्हणून दिवसभर नुसतं पाणी, गाळलेला रस आणि पेल्यामागून पेले पोट साफ करायचं खारट औषध. पोरीनं तोंड फिरवलं, तशी घराला माया दाटून आली.

"तू एकटीच का? आपण चौघंही उपाशी राहू!" बाबांनी छाती ठोकून सांगितलं. आईनं आणि आत्यानं माना डोलावल्या.

शब्द पाळला हो तिघांनी, चिमणीसमोर अगदी काटेकोर पाळला. बाबांना गच्चीवर सारखे महत्त्वाचे फोन येऊ लागले, आणि ते मिशी पुसत खाली उतरू लागले. आत्याला स्वयंपाकघराचं दार लावून भांडी घासायचा उमाळा आला. नळ मोठा सोडून टोस्ट खायची कला आईनं एका दुपारीत आत्मसात केली. चिमणी बिचारी औषध पिऊन संडासात. तोही स्वयंपाकघराला लागूनच.

सकाळी दवाखान्यात नर्सनं तिला जवळ घेतलं. "खरं सांग हं बाळा, कालपासून चोरून काही खाल्लंस?"

चिमणी तिच्या कानाला लागली, "मी नाही. पण या तिघांची तपासणी आज नका करू, कालपासून चोरून खातायत बिचारे."