मागची गाडी

साथीच्या दिवसांत बसमध्ये एका सीटवर एकच माणूस बसवायचा हुकूम होता. सकाळी थांब्यावर गाडी आली तेव्हा ती भरलेलीच होती, तरी एक बाई पायरीवर चढली.

"दादा, कोपऱ्यात उभी राहते हो. हे दवाखान्यात आहेत आणि चष्मा घरीच राहिलाय. त्याच्याशिवाय त्यांना माणूससुद्धा ओळखू येत नाही."

कंडक्टरला दया आली. पण जास्तीचा माणूस घेतला म्हणून कालच एका कंडक्टरला घरी बसवलं होतं. "ताई, मागची गाडी रिकामी येतेय. आरामात बसून जा," तो म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत," म्हणत ती उतरली.

मागे गाडी नव्हतीच. निम्मे ड्रायव्हर आजारी होते, आणि भांडण नको म्हणून तो हल्ली सगळ्यांना हेच सांगायचा.

संध्याकाळच्या फेरीला ती त्याच थांब्यावर बसलेली दिसली. गाडीत जेमतेम दोन माणसं होती. तो घाईघाईने खाली उतरला. "ताई, चला लवकर. जागाच जागा आहे."

"दुपारी फोन आला दवाखान्यातून," ती म्हणाली. "गेले ते."

त्याने विचारलं, "घरी तरी सोडू का?"

"घर काय, या समोरच्या गल्लीतच आहे. पण सासूबाई दारात बसल्या असतील. गेल्या गेल्या विचारतील, भेटला का गं तो?"