हाराच्या दोऱ्याची गाठ

भेटीचा तास संपला, कौटुंबिक न्यायालयाच्या बालकक्षाचं दार उघडलं आणि मनवा धावत आईकडे आली. बाकावर बसलेली वैजयंता चमकलीच. सकाळी तिनं चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या गायब होत्या. त्यांच्या जागी एकच वेणी, वर जाडजूड, खाली उंदराच्या शेपटीएवढी, आणि टोकाला रिबिनीऐवजी हाराच्या दोऱ्याची गाठ.

"अगं, काय ही दशा!"

"मीच सोडल्या वेण्या. परवा वकीलबाई वाचत होत्या ना, बाबांना वेणीसुद्धा घालता येत नाही, म्हणून मुलीला त्यांच्याकडे ठेवू नये. मग मी शिकवलं त्यांना. चारदा चुकले. एवढे देवाचे हार करतात, पण वेणीत अगदीच ढ आहेत गं!"

वैजयंतानं आत पाहिलं. फुलांचं दुकान बंद ठेवून आलेला तो माणूस खाली बसून मनवाच्या कंगव्यात अडकलेले केस एकेक करून काढत होता.

तेवढ्यात वकीलबाई लगबगीनं आल्या. "चला, पुकारा झाला. दिवाळीत आठ दिवस मुलगी मागतोय. आपला विरोध कायम ना?"

आठ दिवस! सवयीनं वैजयंताचा हात ती वेणी सोडायला गेला आणि गाठीवरच थांबला.

"बाई, वेणीचं ते वाक्य खोडा. शपथेवर लिहिलंय, आणि आता ते खरं राहिलं नाही."

"अहो, मग विरोधाला उरतं काय?"

सुटू पाहणारी ती गाठ वैजयंतानं हलक्या हातानं पुन्हा घट्ट केली.