वडिलांची सही

"वसतिगृहात जागा हवी असेल तर घरची परिस्थिती खरीखुरी लिही, काही लपवू नकोस," असं कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं. म्हणून प्रियदर्शनीनं विद्यापीठाच्या फॉर्मवर सगळं लिहून टाकलं. वडील पगार दारूत घालवतात. गेल्या परीक्षेच्या तोंडावर त्यांनी माझ्या वह्या चुलीत घातल्या. आईचा हात जिन्यावरून पडून मोडलेला नाही. आता खाली एकच जागा कोरी होती, वडिलांच्या सहीची.

सकाळी तिचा बाप, सयाजी, शुद्धीवर असायचा. तो इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला निघायच्या आधी तिनं कागद त्याच्यापुढं धरला. त्याला फक्त सही करता यायची.

"काय लिवलंयस? वाच बघू."

एका हातानं चहा गाळणारी आई थांबली. प्रियदर्शनीनं कागदावरची नजर न हलवता वाचलं, "माझे वडील फार कष्टाळू आहेत. कितीही दमून आले तरी माझ्या अभ्यासाची चौकशी करतात. आमच्या घरात कधी कुणाचा आवाज चढत नाही."

सयाजीचे डोळे भरून आले. एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत त्यानं सही केली. तिनं कागदासाठी हात पुढं केला, पण त्यानं घडी घालून तो खिशात ठेवला.

"ऱ्हाऊ दे माझ्याजवळ. आज कारखान्यात दिवाणजीकडनं मोठ्यानं वाचून घेतो. सगळ्यास्नी कळू दे की, माझी पोरगी बापाला काय समजती!"