आधी कंदील

कंदील पेवातून विझून वर आला. जोतीरामने काच चाचपून पाहिली, दोर पायाशी गुंडाळला आणि हमालांना अजून घटकाभर थांबायला सांगितलं. ते मुकाट्याने चिंचेखाली जाऊन बसले. एकाने चंची सोडली.

हरिपुरात जमिनीच्या पोटात हळदीची अशी पुष्कळ पेवं होती. तोंड माणूस मावेल एवढंच, आत मात्र खोल, ऐसपैस कोठी. वर्ष-दीड वर्ष बंद राहिलेल्या पेवात हवा मरते. म्हणून तोंड उघडलं की आधी पेटता कंदील सोडायचा. तो जळत राहिला तर माणसाने उतरायचं, विझला तर वाट पाहायची. अजितकुमारला हे सगळं ठाऊक होतं. हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा तो, पिवळ्या धुरळ्यातच वाढलेला. पण आज त्याला वाट पाहायची नव्हती.

त्याला कारण होतं विश्रामबागेतलं कॉलेज. तिथे त्याच्या मित्रांनी एक मंडळ काढलं होतं. साल शेहेचाळीस. देश मोकळा होणार हे आता दिसतच होतं, आणि मोकळ्या देशात राहायचं तर प्रत्येकाजवळ एक जीवनवाक्य हवं, असं या पोरांच्या डोक्यात बसलं होतं. वाक्य नुसतं निवडून भागणार नव्हतं. रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून ते आपण कसं जगून दाखवलं, हेही सांगायचं होतं. एकाने 'खरं तेच बोलेन' हे वाक्य घेतलं होतं आणि आठ दिवसांत अर्ध्या नातेवाइकांशी वाकडं घेतलं होतं. अजितकुमारने तीन दिवस डोकं खाजवलं आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'मी भीत नाही.' त्यात खोटं काही नव्हतं. अंधार, पाणी, उंची, कशाचीच भीती त्याला लहानपणापासून शिवलेली नव्हती. आता हवा होता फक्त पुरावा. विझल्या कंदिलामागे पेवात उतरून आलेला माणूस आख्ख्या कॉलेजात दुसरा कोण असणार?

त्याने सदरा काढून वहीवर ठेवला आणि दोराचं टोक कमरेला बांधलं. जोतीराम पेवाच्या तोंडाशी आडवा येऊन उभा राहिला.

अजितकुमारला हा माणूस कधीच उमगला नव्हता. आपल्या आठवणीत त्याने जोतीरामला पेवात उतरताना पाहिलं नव्हतं. पेठेतून पेवापर्यंत येताना तो दोनदा टेकायचा. बोलता बोलता मध्येच थांबायचा. कंदील खाली सोडायचा नि वर ओढायचा, एवढंच त्याचं काम. तरी अजितकुमारचे वडील, आप्पा, त्याला घरच्या माणसासारखं सांभाळत. अजितकुमारने मनाशी ठरवून टाकलं होतं, की जोतीराम भित्रा आहे आणि आप्पा भोळे आहेत. आप्पा आज सांगलीला गेले होते, तेवढीच सोय.

"तू कधी उतरलायस का विझल्या कंदिलामागे?" त्याने विचारलं.

"एकदा उतरलोय," जोतीराम म्हणाला.

"मग, मेलास का?"

जोतीराम तिथेच काठावर बसला. अजितकुमारच्या कमरेच्या दोराकडे त्याने पाहिलं. मग म्हणाला, की तुमच्या आईला दिलेली शपथ आज मोडतोय, त्यांना सांगू नका. आणि थांबत थांबत, श्वास गोळा करत त्याने सांगितलं.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. हेच पेव. अर्धी हळद काढून झालेली, बाकीची खाली होती, आणि झाकलेल्या पेवात रात्रभर हवा पुन्हा कोंडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून माणसं न्याहारीला गेली, आणि मालकांचं तीन वर्षांचं पोर खेळत खेळत तोंडाशी आलं आणि आत पडलं. जवळ एकटा जोतीराम होता. त्याने हाका मारल्या, दोर झाडाला बांधला आणि तो खाली गेला. माणसं धावत आली तेव्हा दोराला पोर बांधलेलं होतं आणि जोतीराम हळदीवर निपचित पडला होता. पोराने संध्याकाळी दूध मागितलं. जोतीरामने डोळे उघडले ते तिसऱ्या दिवशी. गेलेला दम मात्र पुरता परत आला नाही. त्या दिवशी आईने सगळ्यांकडून वचन घेतलं, की हे पोराच्या कानावर कधी घालायचं नाही. ज्याची भाकरी पेवात आहे, त्याने पेवाला भिऊन चालायचं नाही.

अजितकुमारचा हात दोराच्या गाठीवर होता, तो तिथेच राहिला. आपण भीत नाही, असं तो आजवर मिरवत आला होता. ते त्याचं नव्हतंच. आईने, जोतीरामने, सगळ्यांनीच सोळा वर्षं गप्प बसून ते त्याला दिलं होतं. त्याला भयंकर लाज वाटली.

"तुम्ही तेव्हा कंदील सोडला नव्हता?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"कंदील आनाय येळ कुठं हुता, धाकलं मालक? तुमी आत रडत हुता. रडतंय तवर हवा हाय, म्हनून मी दोर बांधत हुतो." जोतीराम थांबला, त्याने दम घेतला. "त्यो रडन्याचा कंदील इझला, तवा उडी टाकली."

अजितकुमारने कमरेची गाठ सोडली. सदऱ्याखालची वही काढून त्याने पहिल्या पानावरच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली दोनच शब्द लिहिले, 'मी उतरेन.' पुराव्यासाठी नव्हे, आत कुणी रडत असेल तर. मग तो जोतीरामशेजारी गुडघ्यावर बसला आणि कंदील पुन्हा पेटवू लागला.