टॅक्सची तारीख

इन्कम टॅक्सची तारीख जवळ आली की अख्ख्या डोंगरकडा गावात खूश होणारी साधना एकटीच. पोलिओनं तिचे पाय गेलेले. अपंग लेकीपायी विश्वंभर गुरुजींना टॅक्समध्ये सूट मिळायची, पण तिच्या अपंगत्वाचा दाखला दरवर्षी नवा लागायचा. वर्षातून तेवढ्यापुरतं गुरुजी तिला उचलून जीपमध्ये बसवायचे, हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे, येताना स्टँडवर भजे खाऊ घालायचे.

"चालली माझी लेक सरकारला तोंड दाखवायला!" आई वेणी घालताना चिडवायची.

यंदा डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, कायमचाच दाखला देतो. आता हिला आणायची तकलीफ नको."

"लई उपकार झाले, साहेब!" गुरुजींनी हात जोडले.



परतीच्या जीपमध्ये साधनानं हळूच विचारलं, "बाबा, आता मला कोन्या कामाला बाहेर नेताल?"