जुन्या वावराची माती

रश्मीनं तुरीचं पिवळं पडलेलं रोप उपटलं आणि मूळ तेजरामच्या पुढ्यात धरलं. दोऱ्यासारखं नुसतं गुळगुळीत.

"यावर गाठी पाहिजेत, काकाजी," कृषी खात्याची ती पोरगी म्हणाली. "मूळ जमिनीत हाक घालते. ओळखीचे जिवाणू ते ऐकून येतात, गाठी करून राहतात, झाडाले पोसतात. इथं हाक ऐकणारं कोणीच नाही."

"म्हणजे बारा वर्सं बोंबलूनच राहिली बिचारी!" तेजराम मटकन बांधावर बसला.

गाव धरणात गेलं तेव्हा अड्याळकडं बदल्यात मिळालेलं हे घर आणि घरामागचं वावर. वावर कसलं, मुरूमच! शेणखत घालून झालं, पाकिटातले जिवाणू दोनदा बियाण्याला चोळून झाले. तूर काही गुडघ्यावर जाईना. यंदा तेजरामनं हात टेकले होते. आता वावर मुरूम खोदून विकणाऱ्याच्या घशात घालायचं आणि पोराकडं, अतुलकडं, नागपूरला जाऊन पडायचं. त्याच्या बायकोला, बायजाबाईला, ते मुळीच नको होतं. अतुलनं गॅस आणून दिला तरी ती चुलीवरच रांधायची. तेजरामही पहिल्या घासाला म्हणायचा, तुझ्या भाताले अजून गावची चव हाय.

"तुमच्या जुन्या वावराची माती असती तर!" रश्मी म्हणाली. "वाळलेली असली तरी चालते. थंड जागी ठेवलेली असली की त्यातले जिवाणू वर्षानुवर्षं जगतात. मूठभर पुरे."

तेजराम ताडकन उठला आणि मागच्या दारात उभ्या बायजाबाईकडं वळला. "अवो, हाय ना मॅडम! टोपलंभर आणली होती! अतुलची माय, तूच तं लुगड्यात बांधली होती. कुठं ठेवली?"

उत्तराची वाट न पाहता तो घरात धावला. फळीवरचे डबे खाली आले, खाट सरकली, कोठीमागं हात गेला. "जाऊ नका मॅडम, सापडते!" म्हातारा चक्क हसत होता. गाव सोडल्यापासून बायजाबाईनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. सांगावं तर त्याचं हसणं जाणार, आणि न सांगून तरी किती वेळ?

"शोधू नका जी," ती दारातूनच म्हणाली.

"काहून?"

पाहुणीसाठी चढवलेल्या भाताला उकळी आली होती. बायजाबाईनं तिकडं बोट केलं.

"नव्या घरात काहीच आपलं वाटत नव्हतं. म्हणून त्या मातीची चूल केली मी. बारा वर्सांपासून रोज पेटवून राहिली."