सुनेची चौकशी

हवालदार बुटांसकटच सोफ्यावर बसला. विठाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात अवघडून उभ्या राहिलेल्या सुनेकडं. दोघंही सारखीच नकोशी वाटली.

सून रोझाली, फिलिपिन्सची. आठ वर्षं राजारामपुरीत काढून तिनं आता भारताचं नागरिकत्व मागितलं होतं आणि त्याची चौकशी घरी आली होती. एवढ्या वर्षांत तिची भाकरी काही धड फुगली नव्हती. आमटीत चोरून व्हिनेगर घालायची, ते वेगळंच.

"नवरा कुठं हाय हिचा?" हवालदारानं विचारलं.

"जर्मनीत. नोकरीला," विठाबाई म्हणाल्या.

"दोन वर्सं आलाच न्हाय म्हणं. मग लगीन तरी खरं हाय का नुसतं कागदासाठी?" तो रोझालीकडं बघून हसला. "ह्या बायका लई हुशार असत्यात."

"हुशार असतो तर हितं ऱ्हायलो असतो व्हय?" रोझाली गल्लीतल्या बायकांसारखी फटकन बोलली.

विठाबाईंना हे मात्र पटलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पोराचा, यशराजचा. कमी ऐकू येत असल्यानं त्यांचा स्पीकर कायम चालूच असे.

"आई, चौकशीला माणूस येईल. ती आपल्यात ऱ्हात न्हाय म्हणून सांग. अर्ज बाद झाला की जाईल आपल्या देशात, मग घटस्फोट सोपा. मला हितल्या एका बाईशी लगीन करायचंय. त्याबिगर हितलं नागरिकत्व लवकर मिळत न्हाय."

रोझालीनं दाराची चौकट धरली.

इतकी वर्षं विठाबाईंनी सगळा तिटकारा सुनेवरच खर्च केला होता. पोरासाठी थोडा राखून ठेवायला हवा होता, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

"हवालदार हितंच बसलाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडानंच सांग की."

फोन कट झाला.

हवालदारानं घसा खाकरला. "मावशी, मग मी काय समजायचं?"

"ही हितंच ऱ्हातीय. माझ्या घरात. रोज माझ्याशी भांडतीय. गल्लीत कुणालाबी इचारा."

"आणि मुलगा? परत येणार हाय का त्यो?"

"त्यो व्हय?" विठाबाईंनी फोन उपडा ठेवला. "पावणा हाय त्यो. आला तर च्या पाजू आणि वाटंला लावू."